सांध्यातला पू आणि अकाम्याची तारीख

कृत्रिम गुडघ्यात जंतू शिरले की पहिली चूक बहुधा घरातच होते, आणि चांगल्या हेतूने होते. पुण्यात किंवा मुंबईत सुट्टीत गुडघा बदलून घेतलेला माणूस दीड-दोन महिन्यांनी कुवेतमधल्या अहमदीकडे परततो, कामावर रुजू होतो आणि एका संध्याकाळी जखमेच्या खालच्या टोकाला ओला डाग दिसतो. तिथल्या मंगाफच्या खोलीतून त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर ओळखीच्या डॉक्टरकडे जातो. उत्तर येते, ‘अँटिबायोटिक सुरू करून बघा.’ बॅगेत येताना आणलेली पाकिटे असतातच. पाच-सात दिवसांत डाग सुकतो, सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि महिनाभरात तीच जागा पुन्हा वाहू लागते. आता कोणी सांध्यात सुई घालून पाणी काढले, तर प्रयोगशाळेत त्यातून काहीच उगवत नाही. जंतू आहेत, पण कोणते ते सांगायला तयार नाहीत. मधल्या काळात त्यांनी धातूवर आपले बस्तान बसवलेले असते.

या विषयावरचे संशोधन गेल्या पन्नास-साठ वर्षांत बरेच पुढे गेले आहे. ते अहमदीतल्या मराठी माणसाच्या दृष्टीने वाचले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. या आजारात कोणते औषध द्यायचे यापेक्षा ते केव्हा द्यायचे आणि कोणाच्या देखरेखीखाली द्यायचे, यावर जास्त अवलंबून असते. दोन देशांत वाटून राहणाऱ्या माणसाची नेमकी इथेच पंचाईत होते.

अहमदी हे तेलाने वसवलेले गाव. शेजारच्या बुरगानला १९३८ साली तेल लागले, १९४६ मध्ये पहिली निर्यात झाली आणि कुवेत ऑइल कंपनीने आपल्या लोकांसाठी हे नगर आखले. हिंदुस्थानातून माणसे तेव्हापासूनच येत राहिली. कुवेतमध्ये १९६१पर्यंत व्यवहारसुद्धा रुपयात चालत होता. आज देशातल्या सुमारे दहा लाख भारतीयांपैकी बरेच जण अहमदी प्रांतातल्या फहाहील, मंगाफ, महबूला, अबू हलीफा या पट्ट्यात राहतात. आपल्या विषयाशी संबंध येतो तो त्यातल्या दोन प्रकारच्या घरांचा. एक, पन्नाशी-साठीतला नोकरदार, जो ‘इथे नको, घरी जाऊन करू’ म्हणून सुट्टीत शस्त्रक्रिया करून घेतो. दुसरे, ज्यांचे आईवडील सातारा, रत्नागिरी किंवा फोंड्याला आहेत आणि ज्यांना खर्चाचा भार व निर्णयाचा भार असे दोन्ही फोनवरून उचलावे लागतात.

मराठी घरांत गुडघेरोपणाबद्दलची भीती गेली, याला एक जाहीर प्रसंग कारणीभूत आहे. ऑक्टोबर २०००मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी पंतप्रधान वाजपेयींचा डावा गुडघा बदलला, जून २००१मध्ये उजवा. त्यानंतर हा विषय चहाच्या टेबलावर आला. पुण्यात डॉ. कांतिलाल संचेती यांनी भारतीय बांध्याला बसेल असा ‘इंडस’ गुडघा तयार केला होताच. ऑगस्ट २०१७मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमचा नेहमीचा संच ५४,७२० रुपये अधिक कर, या भावावर आला. शस्त्रक्रिया आवाक्यात आल्या, यशाच्या कहाण्या पसरल्या. शंभरातल्या ज्या एक-दोन जणांना संसर्ग होतो, त्यांची कहाणी मात्र कोणी सांगत नाही. ना रुग्ण, ना सर्जन. जाहिरातीत तर प्रश्नच नाही.

शंभरात एक-दोन हा आकडा छोटा दिसतो. पण हा संसर्ग एकदा झाला की पुढचे वर्ष-दोन वर्षे त्यातच जातात. खुब्याच्या बाबतीत झालेल्या काही पाहण्यांत संसर्ग झालेल्यांपैकी साधारण पाचातला एक रुग्ण पाच वर्षांत दगावलेला आढळला. ही माणसे वयस्क असतात, त्यांना इतरही आजार असतात, हे खरे. तरीही ‘जखम जरा चिघळली’ म्हणून सोडून देण्यासारखे हे दुखणे नाही.

जंतू बाहेरून उडत येतात, अशी एक समजूत आहे. कुवेतमध्ये धुळीच्या वादळावर सगळ्याचेच खापर फोडायची सवय असल्यामुळे इथे ती जास्तच. खरे तर यातले बहुतेक जंतू रुग्णाच्या स्वतःच्या कातडीवरचे आणि नाकातले असतात. स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि त्याचे सौम्य भाऊबंद हे मुख्य आरोपी. काही शस्त्रक्रियेच्या वेळीच आत जातात. काही नंतर, वर्षांनी, रक्तातून येतात. लघवीचा संसर्ग, पायाची जखम, किडलेला दात यांतून. दिवसभर सेफ्टी शूजमध्ये घामेजलेला पाय, बोटांमधल्या चिखल्या आणि त्यात मधुमेह, ही अहमदीच्या यार्डातली जोडगोळी या दृष्टीने वाईट. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१च्या अंदाजानुसार कुवेतमधल्या प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण जवळपास २५ टक्के आहे, जगात अगदी वरच्या क्रमांकांवर. आपल्या लोकांना कुवेतींकडे बोट दाखवायला जागा नाही, घराघरात साखर आपल्याकडेही आहेच.

धातूवर किंवा प्लास्टिकवर उतरलेला जंतू आधी मोकळा असतो, मग चिकटतो आणि आपल्याभोवती चिकट आवरण विणतो. पाण्याच्या टाकीत आतून बसणाऱ्या बुळबुळीत थराची ज्याने कधी घासघास केली आहे त्याला ही बायोफिल्म समजावून सांगायला नको. नुसते औषधी पाणी ओतून ती निघत नाही. आवरणातले जंतू जवळपास झोपलेले असतात आणि बहुतेक प्रतिजैविके वाढत्या जंतूंनाच मारतात. रक्तातले भटके जंतू गोळीने मरतात, ताप उतरतो, जखम सुकते. थर शाबूत राहतो. उपचाराचे सगळे वाद शेवटी याच थराभोवती फिरतात: तो कोवळा आहे की जुना, आणि घासून निघेल की ज्यावर तो बसला आहे तो भागच काढावा लागेल.

प्रतिबंधाचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यात एक गंमत आहे. आधुनिक खुबारोपणाचे जनक इंग्लंडचे जॉन चार्नली. साठच्या दशकात संसर्गाने हैराण होऊन त्यांनी शस्त्रक्रियागृहात काचेची खोली उभारली, गाळलेली हवा सोडली, सर्जनच्या अंगावर श्वास बाहेर ओढून घेणारे पोशाख चढवले. सात टक्क्यांच्या घरातला संसर्ग एका टक्क्याच्या खाली आला. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, आठ हजारांहून जास्त शस्त्रक्रियांत, अतिशुद्ध हवेमुळे संसर्ग १.५ टक्क्यांवरून ०.६ टक्क्यांवर उतरल्याचे दिसले. मग जगभर रुग्णालये या शुद्ध हवेच्या ‘लॅमिनार फ्लो’ची जाहिरात करू लागली, आपल्याकडे अजून करतात. पण पुढे नोंदवह्यांमधून फायदा दिसेना आणि २०१६मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने संसर्ग कमी करण्यासाठी ती यंत्रणा वापरू नये असे सुचवले. टिकून राहिल्या त्या साध्या गोष्टी: छेद घेण्याआधी तासाभरात दिलेले प्रतिजैविक, आटोक्यातली साखर, बंद केलेली सिगारेट आणि नाकातल्या जंतूंचा बंदोबस्त. या शेवटच्या गोष्टीसाठी नेदरलँड्समधली २०१०ची चाचणी पाहावी. नाकात ऑरियस असलेल्या रुग्णांना मलम आणि जंतुनाशक साबण दिल्यावर त्या जंतूचे संसर्ग ७.७ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर आले. रुग्णालय निवडताना छतातल्या हवेच्या यंत्राबद्दल विचारण्याऐवजी ‘नाकाचा स्वॅब घेता का’ हे विचारलेले बरे.

आता निदान. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण नुकसान इथेच सर्वांत जास्त होते.

शस्त्रक्रियेनंतर लवकर उद्भवलेला संसर्ग ओळखू येतो. लाली, सूज, पाझर, कधी ताप. पाच ते सात दिवसांनंतरही जखम वाहत असेल तर ती ‘थोडी ओली’ नसते, ती सर्जनने पुन्हा पाहायची गोष्ट असते. जुना संसर्ग फसवा. ताप नसतो, पू दिसत नाही, फक्त दुखते. पहिल्या दिवसापासून न थांबलेले, विश्रांतीतही जाणवणारे दुखणे. फिजिओथेरपिस्ट व्यायाम वाढवतो, नातेवाईक ‘मनावर घेऊ नका’ म्हणतात. वर्षाने एक्स-रेमध्ये सांधा सैल दिसतो.

रक्ताच्या ईएसआर आणि सीआरपी या दाह दाखवणाऱ्या तपासण्या करतात. दोन्ही स्वस्त, दोन्ही फहाहीलच्या कोणत्याही पॉलिक्लिनिकमध्ये होणाऱ्या. त्या वाढलेल्या असल्या तर संशय बळावतो, नसल्या तरी संशय पूर्ण जात नाही. खरी तपासणी सांध्यातल्या पाण्याची. गुडघ्यात सुई घालून ते काढणे हे पाच मिनिटांचे काम, खुब्यात सोनोग्राफी किंवा एक्स-रेची मदत लागते. त्या पाण्यात पांढऱ्या पेशी किती आणि त्यांतल्या न्यूट्रोफिल किती, हे मोजतात. जुन्या दुखण्यात प्रति मायक्रोलिटर ३,००० पेशी आणि ८० टक्के न्यूट्रोफिल या रेषेच्या वर गेले की संसर्गाकडे बोट जाते. पहिल्या सहा आठवड्यांत रेषा वर, १०,००० आणि ९० टक्क्यांवर, कारण ताज्या शस्त्रक्रियेनेही पेशी वाढतात. उरलेले पाणी कल्चरला. दोन वेगवेगळ्या नमुन्यांत एकच जंतू उगवला, किंवा कातडीपासून थेट सांध्यापर्यंत जाणारा नासूर असला, तर मग चर्चेला वाव नाही. जखमेच्या वरच्या भागावर फिरवलेला कापसाचा बोळा यात मोजायचा नाही. त्यातून कातडीवरचे भलतेच जंतू उगवतात आणि त्यांच्यावर महागडी इंजेक्शने सुरू होतात.

आणि हे सगळे प्रतिजैविक सुरू करण्याआधी. रुग्ण अत्यवस्थ नसेल आणि दुखणे जुने असेल, तर चालू गोळ्या थांबवून साधारण दोन आठवड्यांनी नमुना घ्यावा, असा संकेत आहे. ‘आधी औषध, मग तपासणी’ हा आपल्या बहुतेक आजारांतला क्रम इथे उलटा लागू करायचा असतो. शस्त्रक्रियेत तर एका नमुन्यावर भागत नाही. पाच-सहा वेगवेगळ्या जागांचे तुकडे, प्रत्येकासाठी वेगळी हत्यारे, वेगळ्या बाटल्या. काढलेला धातू पाण्यात ठेवून ध्वनिलहरींनी हलवला तर थरातले जंतू सुटून येतात. २००७मध्ये आंद्रेय ट्रॅम्पुझ आणि सहकाऱ्यांनी मेयो क्लिनिकमध्ये केलेल्या कामात या युक्तीने ७८.५ टक्के संसर्ग पकडले गेले, नेहमीच्या तुकड्यांतून ६०.८ टक्के. ही सोय सगळीकडे नसते. बाटल्या मात्र सगळीकडे असतात.

कुवेत आणि महाराष्ट्र यांच्या मधोमध उभ्या असलेल्या रुग्णासाठी यात दोन पाहुणे जंतू मिसळतात, जे पाश्चात्त्य पुस्तकांत तळटिपेत असतात. पहिला ब्रुसेला. कच्च्या दुधातून आणि जनावरांच्या बाळंतपणातून येणारा. कुवेतमध्ये ऐंशीच्या दशकात त्याची मोठी लाट होती. तिथल्या डॉक्टरांनी १९८८मध्ये ४०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हापासून सांध्यांना धरणारा ताप म्हणजे ब्रुसेलाची शंका, हे इथल्या वैद्यकाच्या अंगवळणी पडले आहे. हिवाळ्यात वाळवंटातल्या तंबूत उंटिणीचे ताजे दूध पाहुण्याला आग्रहाने दिले जाते, नाही म्हणणे अवघड जाते. कृत्रिम सांध्यात ब्रुसेला शिरल्याची उदाहरणे थोडी, पण आहेत. हा जंतू सावकाश उगवतो आणि प्रयोगशाळेतल्या माणसालाच लागण करू शकतो, म्हणून नमुना पाठवताना शंका लिहून कळवावी लागते. रुग्ण पुण्यात जाऊन दाखवत असेल तर ‘मी कुवेतला राहतो, असे दूध प्यायलो आहे’ हे वाक्य त्याने स्वतःहून सांगायला हवे. डॉक्टरला ते सुचेलच असे नाही.

दुसरा आपला जुना ओळखीचा, क्षय. भारतात सांधे बदललेल्यांत महिनोन्‌महिने निदान न होणाऱ्या संसर्गाच्या यादीत तो राहतोच.

इथे रिफॅम्पिसिन या औषधाची अडचण लक्षात येते. स्टॅफिलोकोकसच्या थरात शिरून काम करणारे हे विरळा औषध. १९९८ची स्वित्झर्लंडमधली वेर्नर झिमर्ली यांची चाचणी फक्त ३३ रुग्णांची होती, पण तिने सगळ्या जगाची पद्धत ठरवली. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जोडीला रिफॅम्पिसिन मिळून ज्यांनी उपचार पूर्ण केले ते १२ पैकी १२ बरे झाले, नुसत्या सिप्रोफ्लॉक्सासिनवरचे १२ पैकी ७. तेव्हापासून ते स्टॅफिलोकोकल संसर्गात इम्प्लांट वाचवण्याचे हुकमी पान झाले. गोम अशी की हेच औषध क्षयावर चालते आणि ब्रुसेलावरही. म्हणजे निदानाआधी अंदाजाने दिलेले रिफॅम्पिसिन तिघांनाही अर्धेमुर्धे दाबते, आणि क्षय असेल तर प्रतिकाराची सोयही करून ठेवते. एकट्याने दिले तर स्टॅफिलोकोकसही काही दिवसांत त्याला दाद देईनासा होतो. ते जोडीनेच, जखम कोरडी झाल्यावर, जंतूचे नाव कळल्यावर. शिवाय ते यकृताला इतर औषधे भराभर संपवायला लावते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहाच्या काही गोळ्या यांचे प्रमाण बिघडते. लघवी नारिंगी होते, ते निरुपद्रवी. पण आधी सांगितले नसेल तर कामगार कॅम्पमधला माणूस घाबरून गोळी बंद करतो.

उपचारांचे तीन रस्ते आहेत.

पहिला, इम्प्लांट ठेवून सांधा उघडून धुणे. थर कोवळा असताना, लक्षणे सुरू होऊन तीन-चार आठवड्यांच्या आत आणि सांधा घट्ट असेल तरच. दुर्बिणीतून धुऊन भागत नाही, पूर्ण उघडावे लागते. सुजलेले अस्तर कापून काढायचे, मधली प्लास्टिकची चकती काढून फेकायची म्हणजे तिच्या मागचा धातू घासता येतो, कित्येक लिटर सलाइनने धुवायचे, हातमोजे-हत्यारे बदलून नवी चकती बसवायची. इथे ‘बघू आठवडाभर’ म्हणण्यात गेलेला एकेक आठवडा यशातून वजा होतो. सुरुवातीला सांगितलेली ती पाकिटातली गोळी नेमका हाच काळ खाऊन टाकते.

दुसरा रस्ता दोन टप्प्यांचा. १९८३मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन इन्सॉल यांनी गुडघ्यासाठी तो रुळवला आणि तो आजही सर्वांत रूढ आहे. पहिल्या टप्प्यात सगळा धातू, सिमेंट, मेलेले हाड काढतात. रिकाम्या जागेत स्पेसर, म्हणजे औषधी सिमेंटचा तात्पुरता ठोकळा, बसतो. तो टेबलावर तयार होताना पाहण्यासारखा असतो. सिमेंटच्या पावडरीत व्हँकोमायसिन आणि जेंटामायसिनची पावडर मिसळायची, द्रव ओतायचा, वाडग्यात चमच्याने घोटायचे. थोड्या वेळात लगदा बोटाला चिकटेनासा होतो, मग साच्यात किंवा हातानेच गुडघ्याच्या टोकांचा आकार द्यायचा. तापत तापत तो घट्ट होतो. पुढचे कित्येक आठवडे त्यातून औषध तिथल्या तिथे झिरपते, रक्तातून कधी पोचणार नाही इतक्या जोराने. साधारण सहा आठवडे प्रतिजैविके, मग थोडा विराम, पुन्हा तपासण्या, आणि मग नवा सांधा. यश चांगले, असे सगळेच सांगतात. कमी सांगितले जाते ते हे की एका अमेरिकी पाहणीत स्पेसर बसवलेल्यांपैकी सहातल्या एकाला नवा सांधा कधी मिळालाच नाही. कोणी दगावले, कोणाची प्रकृती पेलली नाही, कोणी नको म्हणाले.

तिसरा रस्ता हाम्बुर्गचा. तिथे हान्स विल्हेल्म बुखहोल्त्स यांनी १९७०च्या सुमारास सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळायला सुरुवात केली आणि एकाच शस्त्रक्रियेत जुने काढून नवे बसवायची पद्धत घडवली. जंतूचे नाव आधी माहीत हवे, कातडी-मांस धड हवे. जुना सांधा काढून घासाघास झाली की सगळे थांबते: चादरी, गाऊन, हत्यारे नवी, आणि नवीन शस्त्रक्रिया असल्यासारखी पुढची सुरुवात. बरीच वर्षे इतरांना हे धाडस वाटले. मग २०२२मध्ये ब्रिटन आणि स्वीडनमधल्या खुब्याच्या १४० रुग्णांवरची चाचणी आली. चिठ्ठ्या टाकून निम्मे एका टप्प्यात, निम्मे दोन टप्प्यांत. दीड वर्षानंतर दोन्ही गटांत दुखणे आणि हालचाल सारखीच. पण एका टप्प्यातले लवकर सावरले आणि खर्चही कमी आला. गुडघ्यासाठी इतका स्पष्ट पुरावा अजून हातात नाही.

ही चाचणी अहमदीत वाचताना मला रुग्णालयाऐवजी कामगार कायदा आठवतो. कुवेतच्या २०१०च्या सहाव्या क्रमांकाच्या कायद्यात खासगी क्षेत्रातल्या कामगाराची आजारपणाची रजा वर्षाला अशी ठरलेली आहे: १५ दिवस पूर्ण पगार, पुढे १० दिवस पाऊण, १० दिवस अर्धा, १० दिवस पाव आणि ३० दिवस बिनपगारी. एकूण ७५. तेल कंपन्यांच्या थेट नोकरांसाठी १९६९चा वेगळा कायदा आहे. पण त्याच कुंपणात कंत्राटदाराच्या गणवेशात काम करणाऱ्याच्या वाट्याला सहसा हे ७५च. दुसरी मर्यादा अकाम्याची, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्याची. देशाबाहेर सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिले की तो रद्द होतो, असा सर्वसाधारण नियम. आता दोन टप्प्यांचा हिशेब मांडा. पहिली शस्त्रक्रिया, सहा आठवडे औषध, विराम, दुसरी शस्त्रक्रिया, पुन्हा आठवडे औषध, मग पायावर उभे राहणे. काही बिनसले नाही तरी चार-पाच महिने. रजा मध्येच संपते, आणि एखादा स्पेसर निसटला किंवा जखम बरी व्हायला वेळ लागला तर सहा महिन्यांची कडाही ओलांडली जाते. मग माणूस स्पेसर घेऊनच विमानात बसतो. अर्धा उपचार पुण्यात, अर्धा कुवेतमध्ये, दोन्हीकडच्या फायली अपुऱ्या.

कुवेतमध्ये उपचार होत नाहीत असे नव्हे. शुवेखचे अल-राझी हे हाडांचे मोठे सरकारी रुग्णालय, अहमदीच्या भागाला अदान रुग्णालय आहे, आणि तेल कंपनीचे स्वतःचे अहमदी रुग्णालय कर्मचाऱ्यांसाठी. पण दुसऱ्याने बसवलेल्या, कोणत्या कंपनीचा कोणता आकार हे माहीत नसलेल्या गुडघ्याला हात घालताना कोणताही सर्जन कां-कू करणार, तो कुठल्याही देशातला असो. माझे मत विचाराल तर रुग्ण जिथे चार महिने सलग राहू शकेल तिथेच दोन्ही टप्पे व्हावेत, आणि जंतूचे नाव माहीत असेल, खुबा असेल, तर एका टप्प्याबद्दल सर्जनला स्पष्ट विचारावे. पुढचे बोलणे सोपे व्हावे म्हणून अकाम्याची आणि रजेची तारीख पहिल्याच भेटीत टेबलावर ठेवावी. वैद्यकीय निर्णयात नोकरीचे कागद कशाला, असे काहींना वाटते. पण अर्धवट सोडलेला उपचार हासुद्धा वैद्यकीय परिणामच आहे.

औषध कसे आणि किती दिवस द्यायचे याबद्दल दोन चाचण्या महत्त्वाच्या. पहिली ब्रिटनमधल्या २६ केंद्रांची, २०१९ची, १,०५४ रुग्ण. हाडासांध्यांच्या संसर्गात पहिले सहा आठवडे शिरेतून इंजेक्शन की तोंडाने गोळ्या? अपयश इंजेक्शनवाल्यांत १४.६ टक्के, गोळ्यांवाल्यांत १३.२. म्हणजे योग्य गोळी असेल तर हातात नळी घेऊन सहा आठवडे अडकून पडायची गरज नाही. परदेशी नोकरी करणाऱ्याला ही मोठीच सुटका. दुसरी फ्रान्सची, २०२१ची, सहा आठवडे विरुद्ध बारा. सहा आठवड्यांनी थांबवलेल्यांत संसर्ग टिकून राहिला १८.१ टक्के, बारावाल्यांत ९.४. घाई नडते, हे आकड्यात.

पहिल्या चाचणीतला ‘योग्य गोळी असेल तर’ हा भाग आपल्याकडे अडतो. भारतीय केंद्रांत ई. कोलाय, क्लेबसिएला, स्यूडोमोनास असे ग्रॅम-निगेटिव्ह जंतू तुलनेने जास्त सापडतात. त्यांच्या थरावर चालणारी गोळी म्हणजे मुख्यतः सिप्रोफ्लॉक्सासिन, आणि आपण ती जुलाबापासून सर्दीपर्यंत इतकी उधळली की भारतातल्या या जंतूंपैकी बहुतेकांना तिचे काही वाटेनासे झाले. मार्च २०१४पासून अनेक प्रतिजैविके ‘एच-वन’ यादीत गेली, चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा नियम झाला. नियम झाला. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी गोळी हातातून गेली की उरतात ती रोज इंजेक्शनने द्यायची औषधे, आणि इम्प्लांट वाचवण्याची शक्यता कमी होते.

निकालांबद्दल सर्जन आशावादी बोलतात. रुग्णाने ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या २७ रुग्णालयांची पाहणी लक्षात ठेवावी. दोन वर्षांनी ६५३ रुग्णांपैकी एकूण यश ५४ टक्के. शस्त्रक्रियेनंतर लवकर झालेल्या संसर्गात ७४, उशिरा अचानक आलेल्यात ४९, जुनाट संसर्गात ४४. ‘यशा’ची व्याख्या त्यांनी कडक ठेवली होती, म्हणून आकडे खाली दिसतात. पण घरी गेल्यावर माणूस विचारतो तेही तेवढेच कडक असते: दुखते का, पुन्हा कापावे लागले का, गोळ्या चालू आहेत का.

उरलेल्यांचे काय? काहींचा गुडघा कायमचा सरळ जोडून टाकतात, खुब्यात कधी सांधाच काढून ठेवतात, क्वचित पाय मांडीतून जातो. जॉर्जियाच्या तिबिलिसीत आणि फ्रान्सच्या ल्योंमध्ये जंतुभक्षी विषाणू वापरून उपचार होतात, आणि त्याबद्दल वर्तमानपत्रांत जेवढे छापून येते त्या मानाने पुरावा अजून थोडा आहे. पंचाहत्तरीच्या पुढच्या, हृदय कमकुवत असलेल्या आईसाठी मात्र चौथा, कमी बोलला जाणारा पर्याय असतो: मोठी शस्त्रक्रिया न करता डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी वर्षानुवर्षे चालू ठेवून संसर्ग दाबून ठेवणे. तो बरा होत नाही, फक्त आवरला जातो. कुवेतमधून पैसे पाठवणाऱ्या मुलाला हा हरलेला सौदा वाटतो, त्याला ‘सगळ्यात मोठ्या डॉक्टरकडून’ नवा सांधाच हवा असतो. आईला देवळापर्यंत चालता येत असेल आणि तिला पुन्हा टेबलावर जायचे नसेल, तर तिचे ऐकावे.

राहता राहिले कागद. शस्त्रक्रियेच्या टिपणाची पूर्ण प्रत, इम्प्लांटच्या खोक्यावरचे स्टिकर (कंपनी, आकार आणि बॅच त्यावरच असते), कल्चरचा रिपोर्ट, कोणती प्रतिजैविके कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, हे सगळे फोनमध्येही असावे आणि छापीलही. भारतातून औषधे नेताना मूळ चिठ्ठी आणि डिस्चार्ज कार्ड सोबत हवेच. त्यात एक गोष्ट मुद्दाम तपासायची. अशा शस्त्रक्रियेनंतर आपल्याकडे ट्रामाडॉल आणि प्रेगाबालिन सर्रास लिहून देतात, आणि कुवेतमध्ये दोन्हींवर कडक निर्बंध आहेत. ट्रामाडॉल बॅगेत सापडल्यामुळे भारतीयांना विमानतळावरच अडकून पडावे लागल्याचे प्रकार घडले आहेत. वेदनेसाठी दुसरे काही देता येईल का, हे निघण्याआधी पुण्यातच विचारून घ्यावे.